ताम्हिणीचा पाऊस उलटा वाचला तर?

२५ जुलै २०२४ आठवतोय? मुळशीतल्या ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि इकडे पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं.

समजा, प्रोजेक्टसाठी तुम्ही ताम्हिणीत पर्जन्यमापक बसवलाय. तो रोजचा आकडा दोन बाइट्समध्ये साठवतो. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणून ५५६ चे दोन तुकडे होतात : २ आणि ४४. म्हणजे २ गुणिले २५६, अधिक ४४. आता प्रश्न एवढाच, की आधी २ लिहायचा की ४४?

हा घोळ आपल्याला नवा नाही. ‘पंचवीस’ लिहिताना आधी २ येतो, बोलताना मात्र आधी ‘पंच’! फोन नंबर घेताना घाईत २५ चे ५२ झालेत ना कधी? मोठा तुकडा आधी असेल तर ‘बिग-एंडियन’, लहान आधी असेल तर ‘लिटल-एंडियन’. तुमचा लॅपटॉप बहुतेक लिटल-एंडियनच असणार. इंटरनेटचे मूळ प्रोटोकॉल मात्र आकडे बिग-एंडियन पाठवतात.

क्रम चुकला की ५५६ चे ११,२६६ होतात. ही चूक लगेच दिसेल. पण ५१२ चे तुकडे २ आणि ०. ते उलटे वाचले तर पाऊस फक्त २ मिलिमीटर! ना एरर, ना क्रॅश. घाटात ढगफुटी आणि तुमच्या ग्राफवर भुरभुर. अशा ग्राफवर कुणी इशारा द्यायचा की नाही हे ठरवणार असेल, तर?

सी वापरत असाल तर आणखी जपा. अख्खं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये ओतू नका. कंपायलर मध्ये रिकामे बाइट्स घुसवतो. शिवाय ‘लाँग’ हा प्रकार ६४-बिट विंडोजवर ४ बाइट्सचा, तर लिनक्सवर ८ चा. हॉस्टेलवर लिहिलेली फाइल लॅबमध्ये वाचताना गडबडते ती इथेच.

उपाय सोपा आहे. मशीनवर सोडू नका, क्रम आणि आकार तुम्हीच ठरवा. पायथॉनच्या ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलमध्ये फॉरमॅटच्या सुरुवातीला ‘<’ दिलं की लिटल, ‘>’ दिलं की बिग. काहीच दिलं नाही तर ते मशीन म्हणेल तसं.

मोठी माणसंही हेच करतात. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणांची देवाणघेवाण करतात ती ‘फिट्स’ फॉरमॅटमध्ये. त्याचा नियम ठरलेला आहे : बिग-एंडियन, मग कॉम्प्युटर कुठलाही असो. म्हणून जुनी फाइल आजही उघडते.

तेव्हा आज एक काम करा. तुमच्या प्रोजेक्टची डेटा फाइल घ्या आणि बाइट्सचा क्रम कुठे लिहून ठेवलाय का ते बघा. नसेल तर आत्ताच लिहा. पुढच्या वर्षी ती उघडणारा ज्युनिअर तुम्हाला दुवा देईल!