उसाच्या दराची श्रेढी व तिचा आलेख

कृष्णा-कोयनेच्या काठी ऊस पिकविणाऱ्या आमच्या बहुतेक शेतकरी बंधूंस बिलावरील दर वाचता येतो. परंतु तो आला कसा, हे पडताळून पाहणारे थोडेच. वास्तविक हा हिशेब शाळेत शिकविल्या जाणाऱ्या गणितश्रेढीचाच होय. जीत प्रत्येक पद मागील पदाहून ठराविक रकमेने वाढते, ती गणितश्रेढी.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर ठरविला तो असा: साखर उतारा १०.२५ टक्के असता क्विंटलला ३५५ रुपये. पुढे प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये अधिक, खाली तितकेच कमी. ९.५ टक्के वा त्याहून कमी उताऱ्यास मात्र ३२९.०५ रुपये कायम.

म्हणजे ३५५, ३५८.४६, ३६१.९२, ३६५.३८ अशी श्रेढी झाली. समजा, उतारा १२.२५ आहे. मूळ उताऱ्याहून तो २ टक्के, म्हणजे २० पायऱ्या वर आहे. २० गुणिले ३.४६ म्हणजे ६९.२०, ते ३५५ मध्ये मिळविता क्विंटलला ४२४.२०, अर्थात टनाला ४,२४२ रुपये.

येथे एक चूक हटकून होते. १०.२५ हे पहिले पद धरता १२.२५ हे एकविसावे पद येते. पण पायऱ्या वीसच. जो २१ ने गुणील, त्याचा आकडा टनास ३४.६० रुपयांनी, व १०० टनांस ३,४६० रुपयांनी फुगेल, आणि तो कारखान्याशी विनाकारण तंटा करील. उलट जो हिशेबच करीत नाही, त्यास कमी मिळाले तरी कळणार नाही.

आता चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर उतारा व उभ्या रेषेवर दर मांडावा. १०.२५ वर ३५५, ११.२५ वर ३८९.६० व १२.२५ वर ४२४.२० असे तीन बिंदू जोडावेत. वाढ सारखी असल्याने चढती सरळ रेषा मिळते. डावीकडे ती ९.५ पर्यंत उतरते. त्यापलीकडे आडवी पडते, कारण तेथे श्रेढीचा नियम संपतो.

कारखान्याने हिशेबास धरलेला उतारा लेखी विचारून घ्यावा. बिलात तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा झाला असल्यास तो प्रथम मिळवावा, मग दराचा बिंदू मांडावा. तो रेषेखाली पडल्यास खुलासा मागावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. विलंबास सालीना १५ टक्के व्याज आहे. मागणी करावी, पण कागद हाती घेऊन करावी, इतकेच आमचे सांगणे.