प्रमेय आधी की प्रतिउदाहरण?

वास्तव विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात आधी व्याख्या येते, मग प्रमेय, मग सिद्धता. आणि जागा उरलीच तर एखादं प्रतिउदाहरण. विषय घडला तो मात्र बऱ्याच अंशी उलट्या क्रमाने.

१८२१ साली कोशीने पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी विश्लेषणाचं पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याने लाग्रांजच्या मांडणीला सुरुंग लावला. फलन टेलर श्रेणीत मांडता येतंच, या भरवशावर लाग्रांजने १७९७ मध्ये सगळं कलनशास्त्र उभारलं होतं. कोशीने एक फलन पुढे केलं: पाया ई, घातांक उणे एक भागिले क्षचा वर्ग, आणि शून्यापाशी किंमत शून्य. तिथले त्याचे सगळे अवकलज शून्य निघतात. म्हणजे श्रेणीची बेरीज सगळीकडे शून्य, आणि फलन मात्र त्या एका बिंदूखेरीज कुठेच शून्य नाही!

पण खुद्द कोशीच्या पुस्तकात एक प्रमेय होतं: सलग फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सलगच असते. १८२६ साली नॉर्वेच्या तरुण आबेलने एका तळटीपेत ‘साइन क्ष − १/२ साइन २क्ष + १/३ साइन ३क्ष − …’ ही श्रेणी दाखवली. उणे पाय ते पाय यांच्या दरम्यान तिची बेरीज क्षच्या निम्मी. पायपाशी मात्र ती तुटते. आबेलने सौम्यपणे एवढंच म्हटलं, की या प्रमेयाला अपवाद आहेत. सिद्धतेची नेमकी कुठली पायरी इथे ढासळते, याचा उलगडा व्हायला वीसेक वर्षं गेली. १८४७-४८च्या सुमारास स्टोक्स आणि झायडेल स्वतंत्रपणे तिथे पोहोचले, आणि वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून एकसमान अभिसरणाची संकल्पना रुळली. आज ती व्याख्या पहिल्या ओळीत येते, आणि ती कशासाठी लागली हे विद्यार्थ्याला कळतच नाही.

त्याच वायरश्ट्रासने १८ जुलै १८७२ रोजी बर्लिन अकादमीत सर्वत्र सलग, पण कुठेही अवकलनीय नसलेलं फलन मांडलं. सलग वक्राला तुरळक बिंदू सोडले तर स्पर्शिका असणारच, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत. आंपेरने १८०६ मध्ये तसं सिद्ध करण्याचा प्रयत्नही केला होता. एर्मीतसारख्या गणितीला अशा फलनांचा तिटकारा वाटे. पण १८८१ मध्ये व्होल्टेराने असं फलन रचलं, की ज्याचा अवकलज मर्यादित असूनही रीमानच्या रीतीने त्याचं समाकलन होत नाही. ती अडचण १९०२ मध्ये लबेगच्या नव्या समाकलनाने दूर झाली. आपल्याकडे लखनौच्या अवधेश नारायण सिंह यांचं कुठेही अवकलनीय नसलेल्या फलनांवरचं पुस्तक १९३५ साली निघालं. आणि १९६४ मध्ये गेलबाउम व ओल्मस्टेड यांनी विश्लेषणातल्या प्रतिउदाहरणांचा संग्रहच काढला. ज्यांना पूर्वी विकृती म्हणून हिणवलं, ती आता पद्धतशीर प्रकरणांत बसली.

या संग्रहाने शिकवणाऱ्यांची मोठी सोय झाली, आणि एक धोकाही आला. चमत्कारिक फलनं एकामागून एक दाखवत गेलं, की वर्ग थक्क होतो, पण शिकत नाही. वायरश्ट्रासचं फलन पहिल्याच महिन्यात फळ्यावर आणून काही साधत नाही. त्यापेक्षा कोशीचं चुकीचं प्रमेय सिद्धतेसकट लिहावं आणि शून्य ते एक या अंतरात क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन असा साधा अनुक्रम द्यावा. एकच्या अलीकडे सीमा शून्य, एकपाशी एक. मग विचारावं: सिद्धता कुठल्या ओळीत फसली? ‘प्रत्येक बिंदूसाठी वेगळा एन लागतोय’ असं कुणी म्हणालं, की एकसमान अभिसरणाची व्याख्या वर्गानेच अर्धी केलेली असते.

हीच रीत इतरत्रही चालते. बंदिस्त अंतरावर सलग फलन मर्यादित असतं, या प्रमेयातून ‘बंदिस्त’ हा शब्द पुसावा आणि विद्यार्थ्यालाच प्रमेय मोडायला सांगावं. शून्य वगळून एकपर्यंतच्या अंतरावर एक भागिले क्ष त्याला स्वतःला सापडतं. प्रमेयातली एकेक अट अशी मोडून पाहिलेल्या मुलाला प्रमेय पाठ करावं लागत नाही.