गाडी कधी शिकावी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जयपूरला घरी होतो. मानसरोवरमधल्या आमच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा एक मित्र रोज स्कूटीवरून क्लासला जात असे. तो मला म्हणाला, "तू मिलिटरी स्कूलचा कॅडेट, रायफल चालवतोस आणि स्कूटी येत नाही?" मला ते फार लागले. मी बाबांकडे हट्ट धरला.

बाबांनी एक अट घातली: रस्त्यावर नाही. सांगानेरजवळ त्यांच्या मित्राच्या गोदामाचे बंद आवार आहे. तिथे ते शेजारी बसून मला कार शिकवू लागले. चार दिवसांत क्लच, गिअर, वळण, रिव्हर्स सगळे जमले. मला वाटले, झाले, आता परवाना तेवढा राहिला!

पाचव्या दिवशी एक कुत्रे अचानक गाडीसमोर आले. मी गोंधळलो आणि पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. बाबांनी हँडब्रेक ओढला म्हणून कुत्रे वाचले. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कुत्र्याच्या जागी माणूस असता तर?"

रात्री मी वहीत गणित मांडले. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचे अंतर चौपट होते. गाडी चालवता येणे आणि त्या एका सेकंदात योग्य निर्णय घेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चार दिवसांत येते, दुसरीला वर्षे लागतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण लागतात. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याहून मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. या प्रकरणात पकडलेला मुलगा १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोक संतापले आणि तो आदेश नंतर बदलला गेला. माझा हा लेखही जवळपास तेवढाच आहे. एवढ्या शब्दांनी कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी परत येत नाही.

मग लवकर शिकूच नये का? माझ्या मते शिकावे. आपल्याला रायफलही लहान वयातच शिकवतात; पण फायरिंग रेंजवर, उस्तादांच्या हुकमाने. ती घेऊन बाजारात कोणी पाठवत नाही. गाडीचेही तसेच असावे: शिकणे बंद मैदानात, मोठ्यांच्या शेजारी, रस्ता मात्र अठरानंतर.

सुट्टी संपताना तो मित्र म्हणाला, "चल, स्कूटीवर चांदपोलला जाऊ." मी म्हटले, "मेट्रोने जाऊ." तो हसला, पण आला.