शनिवार तेल्यांची नातवंडे

अलिबागेहून थळ ओलांडून किहीमच्या वाटेला लागले की मध्ये नवगाव लागते. नारळीपोफळीच्या वाड्या, चार मचवे आणि समुद्र. आमच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही गावासारखेच हे गाव. पण एका समाजाच्या लेखी त्याचे मोल फार मोठे आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की, शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना याच किनाऱ्यावर पुरण्यात आले. वाचलेल्यांनी पुढे आसपासच्या गावांत तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद! तेव्हा गावाने त्यांचे नावच 'शनिवार तेली' असे ठेवून दिले.

या शनिवार तेल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्या मुलानातवंडांविषयी. १९४८ साली इस्राएलचे राष्ट्र उभे राहिले आणि पुढच्या काही दशकांत ही कुटुंबे कच्च्याबच्च्यांसह तिकडे गेली. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हकीकती आपण दिवाळी अंकांतून नेहमी वाचतो. पण त्यांच्या पेटीत परतीचा विचार कुठेतरी तळाशी घडी करून ठेवलेला असतो. ही माणसे त्यांच्या समजुतीप्रमाणे परदेशी निघालीच नव्हती. ती आपल्या घरी परतत होती. आणि घरी पोचून पाहतात तो घरातली भाषाच येत नाही!

गंमत पाहा. कुलाबा जिल्ह्यात (१९८१ साली त्याचे नाव रायगड झाले) हे लोक शेजाऱ्यांहून वेगळे दिसत ते शनिवारमुळे. बोलणे, नेसणे, हातातल्या बांगड्या, लग्नातली मेंदी, सारे चारचौघांसारखे. वेगळा काय तो एक शनिवार. इस्राएलात शनिवार सगळ्यांचाच. शुक्रवारी दुपार कलली की दुकाने मिटतात, बहुतेक ठिकाणी बसगाड्या थांबतात, आणि रविवारी मुले पाठीला दप्तर लावून शाळेत जातात. म्हणजे ज्या एका गोष्टीने त्यांना येथे वेगळे ठरवले, ती तेथे कोणाच्या लक्षातही येईना. आणि येथे जे चारचौघांसारखे होते, तेच तेथे वेगळे ठरले. येथले 'इस्राएल' तेथे 'होदीम' झाले. होदीम म्हणजे हिंदुस्थानी.

सरकारने नव्या माणसांना पाठवले ते बहुधा अशा गावांत: बीरशेबा, १९५५ साली वसवलेले दिमोना, येरुहाम, नाहीतर जरा वरच्या अंगाला लोद, रामला, अशदोद. यांतली पहिली तीन नेगेवच्या वाळवंटातली. अलिबागेत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बीरशेब्याला दोनशेच्या आसपास, आणि तोही थंडीच्या दिवसांत. ज्या आईने जूनमध्ये छपरावरची कौले परतवलेली पाहिली आहेत, तिने मुलाला 'पावसाळा' हा शब्द शिकवायचा तो कसा? दिमोनात पुढे कापडाची गिरणी निघाली, तिच्यात पुष्कळ हिंदी माणसे लागली. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या एखाद्याला निदान सूत आणि साचा तरी ओळखीचा वाटला असेल.

मुलांचे निराळे. प्रौढांसाठी हिब्रूचे वर्ग असतात, त्यांना 'उल्पान' म्हणतात. बाप दिवसभर राबून संध्याकाळी तेथे उजवीकडून डावीकडे अक्षरे गिरवतो, तोवर पोराने अंगणात खेळता खेळता भाषा उचललेली असते. मग दवाखान्यात, कचेरीत, बँकेत बापाच्या वतीने बोलायला आठनऊ वर्षांचा मुलगा. तो बोलणार, साहेब त्याच्याकडे पाहून उत्तर देणार, आणि बाप मान डोलावणार. दिसायला ही लहानशी गोष्ट. पण घरातले वडीलपण कोठून कोठे सरकते, याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी विचार करावा. कोणत्याही परमुलखात जाणाऱ्या कुटुंबाची हीच कथा आहे, पण येथे ती अधिक बोचते. कारण मुलाने शिकलेली भाषा परक्यांची नव्हती. ती प्रार्थनेची भाषा होती; बापाने पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानलेली, आणि बोलता न येणारी!

हिब्रूत आईला 'इमा' आणि वडिलांना 'आबा' म्हणतात. म्हणजे पोराने 'आबा!' अशी हाक मारली की आपल्याकडल्या पुष्कळ घरांत आजोबांनी मान वर करावी! आजोबांना तेथे 'साबा', आजीला 'साव्ता'. येथवर ठीक आहे. पण काकू, मामी, आत्या, मावशी या साऱ्यांना मिळून एकच 'दोदा'. मराठी घरात आत्याचा रुसवा वेगळा आणि मावशीची माया वेगळी; शब्द गेला की मुलाच्या लेखी तो फरकही हळूहळू जातो. शिवाय हिब्रूत 'तुम्ही', 'आपण' असे आदरार्थी काही नाही. शिक्षकाला, शेजाऱ्याला, आजोबांना, पंतप्रधानांना सरसकट 'तू'. त्यात उद्धटपणा मुळीच नाही, भाषेचीच ती रीत. पण पेण-रोह्याकडून गेलेल्या आजोबांच्या कानाला ही रीत अंगवळणी पडायला किती वर्षे लागली असतील! उच्चारांचे तर विचारू नका. हिब्रूत ट-ठ-ड-ढ नाहीत, आणि ळ तर नाहीच. तिकडे वाढलेल्या मुलाच्या तोंडी पोळीची 'पोली' होते.

दोनेक वर्षांपूर्वी अलिबागच्या बाजारात एक वृद्ध बाई वाल निवडून घेताना भेटल्या. बरोबर लेक आणि पाचसहा वर्षांचा नातू. बोलण्यावरून मला वाटले, बाई रेवदंड्याच्या असाव्यात. पण त्या आलेल्या अशदोदहून. मी शिकवतो असे कळताच म्हणाल्या, "मास्तर, हा अजून बिगरीत आहे हो. शाळा म्हणजे नुसता खेळ." बिगरी! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ज्या गावातून तो तिकडे गेला, त्या गावात आता ज्याचे त्याचे पोर 'ज्युनिअर केजी'त असते. माझ्या विद्यार्थ्यांना तो शब्द सांगितला तर टिपणवहीत अर्थासकट लिहून घेतील. त्या बाई नातवाशी सारे मराठीत बोलत होत्या आणि तो सारी उत्तरे हिब्रूत देत होता. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हते. "सांडू नको रे," म्हणताच त्याने वालाच्या पोत्यातला हात मुकाट्याने बाहेर काढला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कळतं त्याला सगळं. बोलायचं तेवढं राहिलंय."

ते वाल कशासाठी, हे मी विचारले नाही. पण बेने इस्राएलांच्या घरी बिरड्याला मोठा मान. जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले त्या दिवसाचा जो कडक उपवास ज्यू जगभर पाळतात, त्याला आमच्याकडचे हे लोक 'बिरड्याचा रोजा' म्हणत आले. त्यांच्या सणांची जुनी नावे अशीच घरगुती: नवे वर्ष म्हणजे 'नव्याचा सण', मांडवांचा सण तो 'खिरीचा सण', पुरीम म्हणजे 'होळीचा सण'. मुलाला शाळेत रोश हशाना शिकवतात आणि घरी आजी त्यालाच नव्याचा सण म्हणते. त्या दिवशी गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात घोटलेला हलवा होतो. नारळाचे दूध हा तर या स्वयंपाकाचा प्राण! मांसाबरोबर गाईम्हशीचे दूध धर्माला चालत नाही. कोकणातल्या नारळाने ती अडचण कधीच सोडवून टाकली होती. आणि मलिदा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा, वर फळे मांडलेली, आणि एलियाहू हनाबीच्या नावाने आभार. नवे घर घेतले, लग्न ठरले, मुलगा परीक्षेत पास झाला, मुलगी सैन्यातली नोकरी पुरी करून सुखरूप परतली, मलिदा होतोच. अलिबागेजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात. तिकडून आलेली कुटुंबे मुलांना तेथे नेतात. मुले त्यावर चढून फोटो काढून घेतात.

सारेच गोड झाले असे नाही. १९५१-५२ साली काही कुटुंबांनी वर्णभेदाची तक्रार करून तेल अवीवमध्ये सत्याग्रह केला आणि ती मुलाबाळांसह हिंदुस्थानात परत आली. पुढे १९६२ साली तेथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नसंबंधांत वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. शनिवारचा घाणा बंद ठेवणाऱ्यांना विचारायचे, तुम्ही खरे ज्यू कशावरून! १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि ऑगस्टमध्ये तेथल्या संसदेने हे लोक सर्व बाबतींत ज्यू असल्याचा ठराव केला. उपवधू मुली ज्यांच्या घरात होत्या, त्यांनी ती वर्षे कशी काढली असतील, हे आपल्याकडच्या आईबापांना वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. १८७५ साली हाइम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली. मराठी बोलणाऱ्या मुलांना हिब्रू यावे, ही त्या शाळेमागची एक तळमळ. आता तिकडे हिब्रू बोलणाऱ्या मुलांना मराठी यावे म्हणून आजी धडपडते. तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले आणि ते बरीच वर्षे चालले, हे मराठीच्या प्राध्यापकांनाही फारसे ठाऊक नसते. ते वाचणारे पिकल्या केसांचे. ज्यांच्यासाठी धडपड, त्यांना देवनागरी येत नाही.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर तेथे नव्या घरांत जाड काँक्रीटच्या भिंतींची एक खोली बांधावीच लागते. भोंगा वाजला की सर्वांनी तिच्यात शिरायचे. पुष्कळ घरांत हीच मुलांची निजायची खोली असते, म्हणजे रात्री त्यांना उठवायला नको. भोंगा थांबेपर्यंत लहान मुलाला काही ना काही सांगत राहावे लागते, आणि आजीजवळ सांगायला असते ते मराठीतच.

एकूण भारतीय वंशाचे ज्यू तेथे आता सुमारे ८५,००० आहेत, असा अंदाज सांगतात. त्यांत सर्वांत मोठा गट या लोकांचा. काहींनी आडनावे बदलली, पण दिमोना-अशदोदच्या शाळांच्या हजेरीपटावर पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अजून सापडतात. हिब्रूत ती उजवीकडून लिहितात. गाव आधी येते, आणि 'कर' डाव्या कडेला.