फिरंगी पूर्वज आणि हैदराबादची दोन दफ्तरे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या राज्यात फिरंगी आले ते कवायती पलटणींचे अंमलदार, रेसिडेन्सीचे अधिकारी किंवा सावकार म्हणून. त्यांतल्या अनेकांनी इथल्या घराण्यांतील स्त्रियांबरोबर संसार मांडले. त्यांच्या वंशजांकडे आज उरते ती बहुधा एखादी आख्यायिका, आणि आख्यायिकेतला मूळ पुरुष हमखास मोठा सरदार असतो. भरवशाचा माग मिळतो तो मालमत्तेच्या कागदांत. वारसा मागणाऱ्याला नाते सांगावे लागते आणि ते नाकारणाराही तिथे हजर असतो.

हैदराबादेत हा शोध एका दफ्तरात पुरा होत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांचा अंमल निजामाच्या राज्यात नव्हता. त्यामुळे इंग्रज अधिकाऱ्याचे मृत्युपत्र कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात (स्थापना 1774), मद्रासच्या रेकॉर्डर न्यायालयात (1798) व 1801 पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, नाहीतर मुंबईत शाबीत होई. कंपनीच्या सत्तेखालच्या या मृत्युपत्रांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मृत्युपत्र नसेल तर न्यायालय व्यवस्थापक नेमी, मालाची यादी होई आणि लिलाव होई. कोणती वस्तू कोणी केवढ्याला घेतली हे त्या यादीत लिहिलेले असते. वंशशोधकाने ही यादी मृत्युपत्राइतक्याच बारकाईने वाचावी. पालखी, घोडे, पुस्तके यांच्या खरेदीदारांत मृताचे सोबती सापडतात, आणि पुढे मुलांचे पालक किंवा साक्षीदार म्हणून बऱ्याचदा हीच माणसे भेटतात.

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 1798 पासून तो हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, होता. दरबारात त्याला ‘हश्मत जंग’ म्हणत. 1800 च्या सुमारास त्याने खैरुन्निसा बेगम हिच्याशी मुसलमानी रीतीने लग्न केले. 15 ऑक्टोबर 1805 रोजी तो कलकत्त्यात वारला. त्याच्या मृत्युपत्रात खैरुन्निसेचे नाव स्पष्ट आहे. तिच्याकडे वडिलोपार्जित व स्वसंपादित जहागिरी आणि जडजवाहीर असल्याने वेगळ्या तरतुदीची गरज नाही, तरी प्रेमाची खूण म्हणून दहा हजार हैदराबादी रुपये द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. मुलांचा उल्लेख मात्र अनौरस असा आहे. निकाह झालेला असतानाही तसे लिहिले गेले, कारण इंग्रजी कायद्यापुढे त्या निकाहाचा भरवसा नव्हता. मुलांना काही मिळायचे तर मृत्युपत्रात नावानिशी तरतूद करणे हाच सुरक्षित मार्ग होता. असा शब्द कायद्याचा असतो, घराचा नसतो. तो घराण्याचा इतिहास म्हणून उतरवून घेणे हा त्या बाईवर अन्याय आहे.

मुले त्याच वर्षी इंग्लंडला रवाना झाली होती. साहेब आलम व साहेब बेगम यांचा 1806 मध्ये लंडनला बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या कागदांत ती विल्यम जॉर्ज व कॅथरीन ऑरोरा झाली. त्या एका नोंदीशिवाय इकडची दोन आणि तिकडची दोन माणसे एकच, हे कोणाला कळणार? खैरुन्निसा 1813 मध्ये हैदराबादेत वारली. मुलगी कॅथरीन ऊर्फ किटी हिने 1829 मध्ये कॅप्टन फिलिप्सशी लग्न केले. पुढे तिला हैदराबादची आजी शरफुन्निसा पत्रांतून पुन्हा भेटली.

विल्यम पामर याचा माग आणखी वेगळ्या कागदांत लागतो. त्याचे वडील जनरल विल्यम पामर 1798 ते 1801 पुण्यात रेसिडेंट होते, आई फैजबख्श बेगम. मुलाने निजामाच्या फौजेतली नोकरी सोडून हैदराबादेत सावकारी पेढी काढली. 1797 च्या कायद्याने संस्थानिकांना कर्ज देण्यास गव्हर्नर जनरलची परवानगी लागे. ती पेढीला 1816 मध्ये मिळाली. 1820 च्या साठ लाखांच्या कर्जावरून हैदराबादचा रेसिडेंट मेटकाफ याने प्रकरण उकरून काढले आणि 1824 मध्ये पेढी बुडाली. त्यावरचा पत्रव्यवहार व हिशेब कंपनीने छापून काढले. भागीदार कोण, कोणाचे कोणाशी नाते, हे त्यात सापडते.

जमीन आणि आईकडची माणसे शोधायची ती निजामाच्या दफ्तरात. मनसब व जहागीर आपोआप वारसाकडे जात नसे. धारक वारला की ती सरकारजमा होई, आणि वारसांना वरासतीची मंजुरी मागावी लागे. त्या प्रकरणाच्या मिसलीत, म्हणजे कागदांच्या संचात, शजरा म्हणजे वंशवृक्ष जोडलेला असतो, हरकती असतात आणि विधवांची नावेही असतात. या कागदांना मराठी माणसाचा हात लागलेला आहे. मराठवाड्याकडच्या सुभ्यांचे दफ्तर-ए-दिवाणी रायरायान या मराठी घराण्याकडे होते, तर तेलंगणाच्या दफ्तर-ए-मालाचा कारभार मालवाला घराण्याकडे. जुनी सरकारी कागदपत्रे आज हैदराबादेतल्या तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. शोधताना फिरंगी नाव उपयोगी पडतेच असे नाही, किताबाने किंवा लोकांनी दिलेल्या नावाने शोधावे लागते. फ्रेंच सेनापती रेमाँ 1798 मध्ये वारला. लोकांनी त्याला मूसा राम म्हटले आणि वस्तीही मूसारामबाग झाली. तारखाही जपून वाचाव्या लागतात. हिजरी वर्ष चांद्र असते. हैदराबादी फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. फारसीची जागा 1880 च्या दशकात उर्दूने घेतली, म्हणून एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांसाठी दोन वाचक लागू शकतात.

पूर्वज जर्मन असेल तर वाट आणखी लांबते. हॅनोव्हरच्या दोन पलटणी 1782 ते 1792 या काळात मद्रासकडे कंपनीच्या मदतीला होत्या. त्यांची नोंद मद्रासइतकीच हॅनोव्हरलाही शोधावी लागते. 1803 मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमन हाही हॅनोव्हरचाच. भाडोत्री सेनानी वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू मात्र उत्तरेत राहिला. त्याचा पणतू डाइस सॉम्ब्रे याचे मृत्युपत्र त्याच्या वेडसरपणाच्या मुद्द्यावर इंग्लंडच्या न्यायालयांत गेले आणि 1856 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. त्या खटल्याने त्या घराण्याचे जेवढे कागद जगापुढे आणले तेवढे कोणत्याही बखरीने आणले नाहीत.

1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. म्हणून तिथल्या इनामदार घराण्यांच्या मुंतखबांचा, म्हणजे इनामाच्या मंजुरीपत्रांचा, मागही याच रीतीने काढता येतो. 1952 च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली त्यांतल्या अनेक मिसली पुन्हा उघडल्या, आणि जुना शजरा नव्या पिढीच्या नावांनी पुढे वाढला.