संगणकाचा ध्वनि सहा वाटांनीं

नागपुराहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हिंगणघाट तालुक्यांत, वडनेर हें गांव आहे. तेथील आमच्या परिचयाच्या कांहीं तरुणांनीं वर्गणी काढून एक जुना रिसीव्हर व सहा स्पीकर विकत आणिले. सुटींत मुलांस चित्रपट दाखवावेत, आणि शहरांतील चित्रपटगृहांत येतो तसा त्यांचा आवाज चोहों बाजूंनीं ऐकूं यावा, एवढाच हेतु. संगणक होताच, त्याच्या पाठीशीं प्रकाशाची दोरी जोडण्याचें छिद्रही होतें. परंतु दोरी जोडून चित्रपट लाविला तों आवाज समोरच्या दोनच स्पीकरांतून येऊं लागला. मधला व मागचे दोन अगदीं मुके! एका कारागिरानें यंत्र पाहून आंतलें सर्किट जळल्याचा निकाल दिला व दुरुस्तीस साडेतीन हजार रुपये सांगितले. तेवढी वर्गणी पुनः जमणें शक्य नव्हतें. आणि ज्या मुलानें हें यंत्र पसंत केलें होतें त्याच्याकडे मंडळी निराळ्याच नजरेनें पाहूं लागली. त्यानें आम्हांस बोलाविलें. यंत्र धडधाकट होतें. दोष कोठें होता हें समजण्यास आम्हांस दोन संध्याकाळ लागल्या. वाचकांस तितक्या लागूं नयेत म्हणून हा लेख.

प्रथम सहा वाटा म्हणजे काय तें पाहूं. समोर डावा, उजवा व मधोमध एक असे तीन स्पीकर. श्रोत्यांच्या मागें दोन. आणि सहावा घुमणाऱ्या खर्जाचा पेटारा. ह्या मांडणीस ५.१ म्हणतात. सहावी वाट सुमारें १२० हर्ट्झपर्यंतचा खर्जच वाहते, म्हणून तिला पुरी न मोजतां नुसता एक दशांशाचा मान दिला आहे! अनेक वाटांचा ध्वनि आपल्याकडेही नवा नव्हे. १९७५ सालचा 'शोले' ७० मिलिमीटर फितीवर अशा ध्वनीसह दाखविला गेला. १९९२ सालीं 'बॅटमॅन रिटर्न्स' ह्या अमेरिकन चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धति आली. तींत सहाही वाटांचा ध्वनि अंकरूपानें फितीच्या कडेच्या भोकांमधील इवल्याशा जागेंत छापलेला असे. इतका ध्वनि इतक्या थोड्या जागेंत कसा मावला, ह्या प्रश्नांतच आमच्या कोड्याचें उत्तर होतें.

संगणकांतील ध्वनि म्हणजे निव्वळ आंकडे. एका वाटेच्या ध्वनीचीं सेकंदास ४८,००० मापें घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांचें असतें. म्हणजे दोन वाटांस सेकंदाला १५,३६,००० बिट लागले, तर सहांस ४६,०८,००० लागणार. आतां सोनी व फिलिप्स ह्या कंपन्यांच्या नांवावरून ओळखली जाणारी एसपीडीआयएफ नांवाची जी जोडणी संगणकाच्या पाठीशीं असते, ती सुट्या दोन वाटांपुरतीच बेतलेली आहे. मग दोरी तांब्याची असो, कीं तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं काढलेली प्रकाशाची असो. प्रकाशासारख्या वेगवान वाहनास सहा वाटा जड कां व्हाव्या, असें आम्हांसही वाटलें होतें. पण गाडींत माल किती मावेल हें बैलांच्या वेगावरून ठरत नाहीं.

मग सहा वाटा तिच्यांतून जातात कशा? ह्याचें उत्तर हिंगणघाटच्या कोणत्याही जिनिंग-प्रेसिंगमध्यें मिळेल. वेचलेला सुटा कापूस गाडींत भरूं लागलें म्हणजे गाडी तेव्हांच शिगोशीग भरते. त्याच कापसाची सरकी काढून रुई दाबली कीं १७० किलोंची घट्ट गांठ बनते, थोड्या जागेंत दूर जाते, आणि गिरणींत ती फोडली म्हणजे रुई पुनः मोकळी होते. डीव्हीडीवरील चित्रपटाचा सहा वाटांचा ध्वनि ही अशीच बांधलेली गांठ आहे. डॉल्बीची ही गांठ डीव्हीडीवर सेकंदाला फार तर ४,४८,००० बिटांची असते, म्हणजे सुट्या दोन वाटांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. डीटीएस नांवाची दुसऱ्या घराण्याची गांठ हिच्याहून मोठी असते, तरी तीही ह्याच गाडींत बसते. गांठ फोडण्याचें काम रिसीव्हरचें. गांठ बांधतांना ध्वनींतील जो भाग मोठ्या नादाखालीं झांकला जाऊन कानास जाणवत नाहीं तो काढून टाकलेला असतो. ती ह्या कापसाची सरकी समजावी. मात्र ही सरकी पुनः हातीं येत नाहीं, आणि तेथें आमची उपमा लंगडी पडते.

आतां वडनेरास काय घडत होतें तें सांगतों. चित्रपट दाखविणारा प्रोग्राम ती गांठ संगणकांतच फोडीत होता. सहा वाटा मोकळ्या झाल्या. पुढें गाडी मात्र दोन सुट्या वाटांची. तेव्हां त्यानें मोठ्या सौजन्यानें सहांचें मिश्रण करून दोन केल्या व पाठवून दिल्या. रिसीव्हरास आले तेच त्यानें वाजविलें. त्याच्या कपाळावर 'पीसीएम' हीं अक्षरें सारा वेळ चमकत होतीं. सुटा माल आला आहे असाच त्यांचा अर्थ. यंत्र आपली तक्रार लिहून दाखवीत होतें, वाचणारा कोणी नव्हता.

उपाय सोपा निघाला. विंडोजच्या ध्वनीच्या व्यवस्थेंत डिजिटल आउटपुट हें मुख्य साधन ठरवावें. तेथें दोनच वाटा दिसतात म्हणून गोंधळूं नये. त्या सुट्या वाटा होत. नंतर प्रोग्राममध्यें 'पासथ्रू' नांवाची सोय चालू करावी; आम्ही वापरलेल्या व्हीएलसीमध्यें ती ऑडिओच्या पसंतींत आहे. पासथ्रू म्हणजे गांठ न फोडतां जशीच्या तशी पुढें पाठविणें. पहिली संध्याकाळ मात्र आमच्याच वेंधळेपणानें खाल्ली. जुनी दोरी सदोष असेल म्हणून नवी आणली, तिच्या टोकावरील पारदर्शक टोपण काढावयाचें राहिलें, आणि होता तो दोन स्पीकरांचा आवाजही गेला! दुसऱ्या दिवशीं पासथ्रू चालू करतांच रिसीव्हरांत टक् असा आवाज झाला, 'पीसीएम'च्या जागीं 'डॉल्बी डिजिटल' उमटलें, आणि मागचे दोन्ही स्पीकर बोलूं लागले.

ह्या रीतीनें चित्रपट चालू असतां संगणकावरून आवाज लहानमोठा करूं गेल्यास तो होत नाहीं. तो बिघाड नव्हे. बांधलेल्या गांठींत हात घालतां येत नाहीं, इतकेंच. आवाज रिसीव्हरवरूनच कमीजास्त करावा.

खेळांची गोष्ट निराळी. शत्रु डावीकडून येतो कीं मागून, हें खेळणाऱ्याच्या हालचालीवर त्या त्या क्षणीं ठरतें. तेव्हां गांठ आधीं बांधून ठेवणार कोण? येथें शेतांतून सुटाच कापूस येतो, म्हणून संगणकाच्या घरांतच प्रेस हवा. २००१ सालीं एन्व्हिडिया कंपनीच्या एनफोर्स ह्या मदरबोर्डांवर तो प्रथम दिसला. पुढें 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' व 'डीटीएस कनेक्ट' ह्या नांवांनीं तो कांहीं साउंड कार्डांवर आला. सर्व कार्डांवर तो नसतो, व खरेदीच्या वेळीं हेंच विचारावयाचें असतें.

प्रेस नसेल तर जुनी वाट मोकळी आहे: साडेतीन मिलिमीटरच्या तीन दोऱ्या, प्रत्येकींत दोन वाटा. हिरवें छिद्र समोरच्या दोहोंचें, काळें मागच्या दोहोंचें, नारिंगी मधल्याचें व खर्जाचें. रिसीव्हरच्या पाठीशीं सहा वाटांचें स्वतंत्र इनपुट मात्र हवें. स्वस्त यंत्रांत तें आतां क्वचितच आढळतें. नारिंगी दोरीच्या दोन वाटा पुष्कळदां उलटसुलट होतात आणि संवाद खर्जाच्या पेटाऱ्यांतून गुरगुरूं लागतात. अशा वेळीं दोन टोकें आपसांत बदलावीं.

ज्यांचा रिसीव्हर नवा आहे त्यांनीं ह्या खटाटोपांत पडूंच नये. २००२ सालीं ठरलेल्या एचडीएमआय जोडणींतून चित्राबरोबर सुट्या आठ वाटा जातात. तो बैलगाडीपुढें ट्रक होय. हा ध्वनि साउंड कार्डांतून न जातां चित्राच्या कार्डांतून जातो, म्हणून साउंड कार्डाच्या व्यवस्थेंत त्यास शोधूं नये. जालावरून येणाऱ्या चित्रपटांची 'डॉल्बी डिजिटल प्लस' नांवाची गांठही एसपीडीआयएफमध्यें मावत नाहीं. तिला एचडीएमआयच लागतें.

एक इशारा देणें अवश्य आहे. तांब्याच्या दोरीनें जोडल्यावर कधीं कधीं स्पीकरांतून सारखी घूं घूं ऐकूं येते, कारण संगणक व रिसीव्हर ह्यांच्या अर्थिंगमध्यें फरक असतो. ती घालविण्यासाठीं प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. विद्यार्थिमित्रहो, असें कदापि करूं नका. तीच पिन यंत्राच्या पत्र्यांत वीज उतरल्यास तुमचा जीव वाचविते. दोन्ही यंत्रें एकाच फळीवरून चालवावीं, अथवा प्रकाशाची दोरी घ्यावी. तींतून वीज वाहतच नाहीं, म्हणून घूं घूं येण्याचा मार्गच खुंटतो.

पहिल्या खेळाच्या रात्रीं चित्रपटांत पाऊस सुरू झाला, तेव्हां मागच्या सतरंजीवरील दोन मुलें उठून खिडकी लावावयास गेलीं. यंत्र पसंत करणारा मुलगा तेव्हां दारांत उभा होता. संगणकावरील खेळांचा आवाज अद्याप दोनच स्पीकरांतून येतो, कारण त्या कार्डावर प्रेस नाहीं. रिसीव्हरास सहा वाटांचें इनपुट आहे, हें आम्ही पाठीमागें विजेरी धरून पाहिलें आहे. तीन दोऱ्या आणावयास तो येत्या सोमवारीं हिंगणघाटास जाणार आहे.