वादळात वेगळी होणारी वीज

रत्नागिरी जिल्ह्याला वीजनिर्मितीचं अप्रूप नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं. एन्रॉनचा २००१ मध्ये बंद पडलेला दाभोळ प्रकल्प नाव बदलून उभा आहे. जयगडला कोळशावर १२०० मेगावॅट, आणि जैतापूरच्या अणुप्रकल्पाचे १०,३८० मेगावॅट अजून कागदावर. तरी रत्नागिरी शहरातल्या मांडवीच्या किनाऱ्यावर पावसाळी वारं सुटलं की पहिली शंका एकच : आता लाइट जाणार.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. इकडे रत्नागिरीत ‘बसरा स्टार’ जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. तिकडे दापोली-मंडणगडात विजेचे खांब असे आडवे झाले की काही गावांत लाइट यायला आठवडे लागले. वीज होती, ती घरापर्यंत आणणारी तार नव्हती.

मग छपरावर सौर पॅनेल बसवावं? ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण महावितरणच्या तारेला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा पुरवठा गेला की भर उन्हातही बंद पडते. ते मुद्दाम तसं केलेलं असतं; नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरची वीज मारेल. मायक्रोग्रिडची, म्हणजे वस्तीपुरत्या छोट्या वीजजाळ्याची, करामत नेमकी इथे आहे. बाहेरचा पुरवठा तुटताच तो स्वतःला मुख्य जाळ्यापासून अलग करतो, बॅटरीवरचा इन्व्हर्टर व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ सांभाळतो, आणि साठा उतरू लागला की कमी गरजेची जोडणी आधी तोडतो.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीचं. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने बॉशच्या अर्थसाहाय्याने तिथे ३९ घरांसाठी ९.४ किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभारला. घरोघरी मीटर, वसुली गावाच्या हाती. मला तरी त्यात पॅनेलपेक्षा मीटर मोलाचा वाटतो. बॅटरी बदलायची वेळ आली की पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्यात आहे. पण दरेवाडीला तार पोचलीच नव्हती. मांडवीला तार आहे आणि ती तुटते.

म्हणून जवळचं उदाहरण दूरचं आहे : पोर्तो रिकोतलं आदहुन्तास. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने बेटभर अंधार केला, तेव्हा तिथल्या ‘कासा पुएब्लो’ संस्थेचे सौर दिवे चालू राहिले आणि लोक वैद्यकीय उपकरणं चालवायला तिथे येऊ लागले. २०२३ मध्ये गावातल्या चौकातली दुकानंही मायक्रोग्रिडने जोडली गेली.

इथे कोकणात अडचण पावसाची. जून-जुलैत ढगांमुळे पॅनेल थकतं, म्हणजे सगळ्या वस्तीचा भार पेलेल ही आशा सोडायची. लसींचा फ्रीज, पाण्याचा पंप, मोबाइल टॉवर एवढं आधी. मिरकरवाडा मासेमारी बंदरातल्या बर्फाची गोष्ट निराळी : जून-जुलैत मासेमारीबंदी असते, पण २०२१ चं ‘तौक्ते’ वादळ मेमध्ये आलं, होड्या अजून हंगामात असताना. त्या काळात ऊन कडक असतं. दुपारच्या उन्हावर कॉम्प्रेसर चालवून बर्फ करून ठेवला, तर तेवढ्या बॅटऱ्या विकत घ्याव्या लागणार नाहीत. मात्र बंदरावर कोणाची जोडणी आधी तोडायची, ती यादी वारं सुटायच्या आत बर्फवाले, होडीवाले आणि महावितरण यांनी एकत्र बसून करायला हवी.